अटलांटातला लायलॅक: पानं भरपूर, फूल एकही नाही

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बॉस्टनला आठ वर्षं राहिलात, घराच्या कडेला लायलॅक होता, म्हणजे जांभळ्या सुगंधी घोसांचं ते झुडूप, मे महिन्यात खिडकी उघडली की वास घरभर. मग अटलांटाच्या उत्तरेला घर घेतलंत आणि तीन वर्षांपूर्वी एका मोठ्या दुकानातून ‘कॉमन लायलॅक’ आणून अंगणातल्या हिरवळीच्या मधोमध लावलात. झाड जगलंय. पानं भरपूर येतात, ऑगस्टमध्ये ती पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी होतात, आणि तीन वर्षांत फूल एकही नाही. कुणीतरी सांगितलं म्हणून जानेवारीत मुळाशी बर्फाचे खडे ओतलेत. ‘जास्त फुलांसाठी’ म्हणून मिळतं ते खत घातलंत. आणि शेवटी विचारलंय की पुण्यात आईच्या बागेत हा जमेल का?

पुण्याचं उत्तर एका शब्दात: नाही. त्याकडे शेवटी येते.

अटलांटाचं उत्तर मात्र लांब आहे. इथे जॉर्जिया राज्यातल्या रोपवाटिकेत मी सव्वीस वर्षं काम केलं. दर एप्रिलला उत्तरेकडून आलेलं कुणी ना कुणी हाच प्रश्न घेऊन काउंटरवर उभं राहायचं, बहुतेकदा हातात फोन आणि फोनवर जुन्या अंगणातला फोटो. त्यांना मी जे सांगायचे तेच तुम्हाला सांगते: तुम्ही काही चुकवलेलं नाही, झाडच चुकीचं विकत घेतलंय. दुकानानं ते विकायलाच नको होतं, पण फुललेलं झाड दिसलं की माणूस गाडीत घालतो हे त्यांनाही माहीत असतं. ते फूल उत्तरेच्या थंडीत तयार झालेलं होतं. तुमच्या अंगणात ते परत येणार नव्हतंच.

माझं माहेर निफाडचं, द्राक्षवाल्यांचं. त्यामुळे मला हे सगळं द्राक्षाच्या भाषेत पटकन कळलं. द्राक्षात ऑक्टोबरच्या छाटणीनंतर जो घड बाहेर पडतो तो त्या महिन्यात तयार होत नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर जी काडी वाढते, तिच्या डोळ्यात, म्हणजे पेरावरच्या कोंबात, तो आधीच तयार झालेला असतो. म्हणून तर ऑक्टोबरआधी लोक काडी तपासून घेतात, डोळ्यात घड आहे की नाही ते बघायला. लायलॅकचंही तसंच. एप्रिल-मेमध्ये फूल सरलं की त्याच उन्हाळ्यात नव्या फांदीच्या टोकाला पुढच्या वर्षीचा डोळा तयार होऊ लागतो. हिवाळाभर तो झोपतो. त्या झोपेत पुरेशी थंडी मिळाली तर वसंतात फुलतो.

म्हणजे अडचणी दोन. हिवाळ्यात झोप पुरी होत नाही, हे सगळे सांगतात. उन्हाळ्यात डोळाच नीट तयार होत नाही, हे फारसं कुणी सांगत नाही.

आधी झोप. 7 अंश सेल्सिअसच्या, म्हणजे इथल्या 45 फॅरनहाइटच्या खाली गेलेले तास मोजायची पद्धत आहे. कॉमन लायलॅकला असे हजाराच्या वर तास लागतात, काही जातींना त्याच्या दुप्पट. अटलांटात चांगला हिवाळा पडला तर हजाराच्या आसपास भरतात, ऊबदार हिवाळ्यात बरेच कमी. त्यात इथे जानेवारीत अधूनमधून चार दिवस 20 अंशांचे येतात. अर्धवट झोपलेल्या माणसाला मध्येच उठवावं तसं होतं, आधी जमलेल्या तासांतलेही काही वाया जातात.

बर्फाचं सोडून द्या. थंडी मोजतो तो डोळा, मूळ नव्हे. फ्रेडरिक कोव्हिल या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञानं 1920 साली ब्लूबेरीवर हे दाखवून दिलं होतं. झाड उबदार काचघरात आणि एक फांदी भोकातून बाहेर थंडीत. वसंतात तेवढी बाहेरची फांदी फुटली, आतलं झाड निजलेलंच राहिलं. मूळ एकच होतं! तेव्हा बुंध्याशी दहा पिशव्या बर्फ ओतला तरी सहा फुटांवरच्या डोळ्याला त्याचा पत्ता लागत नाही. निफाडकडे डोळे फुटावेत म्हणून छाटणीनंतर काडीला हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. ते डोक्यात आलं असेल तर काढून टाका. ते विषारी औषध आहे, घरच्या अंगणात त्याचं काम नाही.

आता उन्हाळा. जुलैत अटलांटात रात्रीसुद्धा पारा 21-22 अंशांच्या आसपासच राहतो. मूळचं हे झाड बाल्कन डोंगरांतलं, खडकाळ उतारांवरचं. दिवसभर कमावलेलं अन्न ते आपल्या दमट गरम रात्रीत श्वास घेण्यातच खर्च करतं. वर ऑगस्टमध्ये भुरी. तुमच्या पानांवरचं पांढरं पीठ म्हणजे द्राक्षावर येते तशीच भुरी. तिनं झाड मरत नाही, पण नेमक्या डोळा भरायच्या दिवसांत पानं निकामी होतात. सप्टेंबरमध्ये पानगळ झालेल्या लायलॅकला पुढच्या एप्रिलमध्ये फूल मागणं म्हणजे उपाशी गाईकडे दूध मागणं.

तुमच्या झाडाचं नक्की काय झालंय ते घरीच बघता येतं. डिसेंबरच्या शेवटी, पानं गळाल्यावर, फांदीचं टोक हातात घ्या. लायलॅकच्या टोकाला बहुतेकदा दोन डोळे जोडीनं असतात. बोटानं चाचपा: पानांचा डोळा सडपातळ आणि टोकदार लागतो, फुलांचा गोल आणि फुगीर. शंका असेल तर एक तोडा आणि दाढीच्या ब्लेडनं उभा चिरा. फुलाचा असेल तर आत फिकट हिरव्या मण्यांचा एवढासा घोस दिसेल, मोहरीहून बारीक दाण्यांचा. बाहेरून खवले, आत द्राक्षाचा घडच जणू. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला निफाडची प्रयोगशाळा आठवली होती. नुसत्या पानांच्या घड्या दिसल्या तर तो पानांचा.

फुगीर डोळे आहेत आणि मार्चनंतर ते तसेच वाळून जातात, किंवा अर्धवट उमलून तपकिरी पडतात, तर दोष थंडीचा: एकतर झोप अपुरी, नाहीतर फेब्रुवारीच्या उबेनं लवकर उठलेला डोळा मार्चअखेरच्या हिमानं भाजलेला. फुगीर डोळे मुळात नाहीतच, तर थंडीला दोष देऊ नका. मग सावली, जास्तीचा नत्र (नायट्रोजन), भुरी किंवा कात्री, यांपैकी एक. तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज नत्राचा आहे. झाड हिरवळीच्या मधोमध आहे आणि हिरवळीचं खत वर्षातून तीनदा पडतंय, म्हणजे नत्र भरपूर. अशी झाडं पानांनी लदबदतात आणि फुलायचं विसरतात. खत बंद करा. ‘जास्त फुलांचं’ खतही बंद. त्यात भर असतो तो स्फुरदावर (फॉस्फरसवर), आणि आपल्या मातीत त्याची कमतरता असेलच असं नाही.

कात्रीचं एक माझ्याच अंगणातलं सांगते. माझा पहिला लायलॅक तिसऱ्या वर्षी डोळ्यांनी गच्च भरला होता. ऑक्टोबरमध्ये मी कामावर असताना सोसायटीकडून हिरवळ कापणारी माणसं आली आणि सगळ्या कुंपणाबरोबर त्याचाही चेंडूसारखा गोल केला. वरचा वीतभर भाग गेला, म्हणजे पुढचं सगळं वर्ष गेलं. संध्याकाळी घरी आले तर कचऱ्याच्या पिशवीत फुगीर डोळ्यांची टोकं. त्या रात्री मी जेवले नाही. लायलॅक छाटायचा तो फुलं सरल्यावर दोन-तीन आठवड्यांत, आणि वरून नव्हे: सर्वांत जुन्या, जाड फांद्यांपैकी दर वर्षी दोन-तीन जमिनीलगत काढायच्या. जूननंतर कात्री हातात घ्यायची नाही.

मग लावायचं काय?

अटलांटासाठी मी पहिल्यांदा कटलीफ लायलॅकचं नाव घेते, लॅटिन नाव सिरिंगा लॅसिनिएटा. पानं कातरलेली, शेपूसारखी नाही पण गाजराच्या पाल्याच्या वाटेवरची. भुरी जवळपास नाहीच. आणि मुख्य म्हणजे कॉमन लायलॅकसारखा फक्त टोकाला एक भलामोठा घोस न देता तो फांदीच्या लांबीभर पेराशी छोटे घोस देतो, त्यामुळे चार डोळे हिमानं गेले तरी बाकीचे फुलतात. जॉर्जिया-कॅरोलिनाच्या जुन्या अंगणांत हाच टिकून आहे. अटलांटात एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात फुलतो. वास खरा आहे, पण बॉस्टनइतका दाट नाही. हे आधीच सांगते, नंतर रागावू नका.

दुसरी ‘मिस किम’. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी लष्करी प्रशासनाबरोबर कोरियात असलेल्या एल्विन मीडर यांनी 1947 मध्ये सोलजवळच्या डोंगरातून बी आणलं आणि न्यू हॅम्पशायरला वाढवून 1954 मध्ये ही जात बाहेर काढली. बुटकी, उशिरा फुलणारी, म्हणून मार्चच्या हिमातून सहसा सुटते. वास थोडा मसालेदार. थंडी थोडी जास्त लागते, त्यामुळे अटलांटाच्या उत्तरेला आणि डोंगराकडे जास्त चांगली.

तिसरी ‘बेट्सी रॉस’, पांढरी. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानानं 2000 साली उष्ण भागांसाठी म्हणूनच प्रसारित केली. हिचं रक्त चिनी लायलॅकचं आहे, सिरिंगा ओब्लाटाचं. ओब्लाटा आणि कॉमन लायलॅक यांचा संकर पहिल्यांदा केला फ्रान्समध्ये नान्सीच्या व्हिक्टर लमोआन यांनी, 1870च्या दशकात. त्यांची नजर अधू होत चालली होती, त्यामुळे शिडीवर चढून परागीकरण करायच्या त्यांच्या पत्नी. ‘फ्रेंच लायलॅक’ म्हणून जे विकतात त्यातलं बरंचसं या दोघांच्या हातचं. श्रेय मात्र एकाच्याच नावावर जमा झालं. या संकरांचा गुण असा की ते आठवडा-दीड आठवडा आधी फुलतात. दक्षिणेत तोच त्यांचा दोषही, कारण हिमाच्या तावडीत तेच आधी सापडतात.

‘लॅव्हेंडर लेडी’बद्दल तुम्ही वाचलं असेलच. दक्षिण कॅलिफोर्नियात लॉस एंजलिसजवळच्या डेस्कान्सो बागेत वॉल्टर लॅमर्ट्स यांनी कमी थंडीसाठी तयार केलेली जात (भारतात हौशी लोकांच्या गच्चीवर दिसणारा ‘क्वीन एलिझाबेथ’ गुलाबही याच माणसाचा). पुढे तिथेच जॉन सोबेक यांनी ‘ब्लू बॉय’सारख्या आणखी जाती काढल्या. ऊबदार हिवाळ्याचा प्रश्न यांनी खरंच सोडवला, पण कोरड्या हवेत. आपल्या दमट ऑगस्टचा त्यांना अनुभव नाही. मी ‘लॅव्हेंडर लेडी’ दोनदा लावली. फुलली दोन्ही वेळा, आणि दोन्ही वेळा ऑगस्टपर्यंत भुरीनं म्हातारी झाली. लावायचीच असेल तर मोकळ्या वाऱ्यात लावा, भिंतीच्या कोपऱ्यात नाही.

कॅलिफोर्नियातले माळी एक युक्ती करतात: सप्टेंबरअखेर पाणी तोडतात. आपण संत्र्या-डाळिंबाला बहार धरण्यासाठी ताण देतो तेच. थंडी झोपवत नसेल तर तहान झोपवते. अटलांटात पाऊस आपल्या हातात नाही, पण ऑक्टोबर इथला सगळ्यांत कोरड्या महिन्यांपैकी एक, म्हणून निदान स्प्रिंकलरचा तो कोपरा तरी सप्टेंबरमध्ये बंद करा. नवं रोप असेल तर पहिली दोन वर्षं हे करू नका, तेव्हा त्याला आठवड्यातून एकदा खोल पाणी हवंच.

जागेचं थोडं. सकाळचं ऊन सहा तास आणि दुपारी सावली, म्हणजे घराची पूर्व बाजू. माती तांबडी चिकण आणि आंबट. लायलॅकला सामू (pH) साडेसहा ते सातच्या जवळ लागतो आणि आपल्या मातीचा बऱ्याचदा पाच-साडेपाच निघतो. काउंटीच्या एक्स्टेन्शन ऑफिसात, म्हणजे सरकारी शेती-सल्ला केंद्रात, माती तपासून मिळते, खर्च किरकोळ. ते सांगतील तेवढाच चुना घाला, मुठीनं अंदाजे नाही. अझेलियाशेजारी लावू नका, तिला आंबट माती हवी, दोघांपैकी एक रुसणारच. खड्डा खोल खणून त्यात विकतची काळी माती भरायची सवय सोडा: चिकण मातीत तो खड्डा म्हणजे बादली होते आणि मुळं बुडतात. वीतभर उंच वरंबा करून त्यावर लावा. वर पाइन स्ट्रॉचं, म्हणजे पाइनच्या वाळक्या पानांचं, आच्छादन चालेल, बुंध्यापासून चार बोटं लांब. लावायची वेळ ऑक्टोबर-नोव्हेंबर; एप्रिलमध्ये फुललेलं बघून लावलेलं रोप मुळं धरायच्या आत उन्हाळ्यात सापडतं.

घेताना विचारा: कलम आहे की स्वतःच्या मुळावरचं? लायलॅक बऱ्याचदा प्रिव्हेटच्या, म्हणजे कुंपणाला लावतात त्या झुडपाच्या, खुंटावर बांधतात. खुंटाला फुटवे येतात, चार वर्षांनी लायलॅक आत गुदमरतो आणि तुमच्याकडे उरतं प्रिव्हेट, जे दक्षिणेत आधीच रानोमाळ पसरलंय. तुमच्या झाडाचे बुडाचे फुटवे बघा. लायलॅकचं पान पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचं, प्रिव्हेटचं लहान लांबट. वेगळं पान दिसलं तर फुटवा कापू नका, मुळाशी ओढून उपटा.

दमट वसंतात कोवळी टोकं अचानक काळी पडून मान टाकतात, तो जिवाणूजन्य करपा. त्या जिवाणूचं नावच लायलॅकवरून पडलंय, सुडोमोनास सिरिंगी. आजारी टोक निरोगी भागापर्यंत कापा, दर वेळी कात्री स्पिरिटनं पुसा. फवारण्यांच्या मागे फार लागू नका, जात बदलली की निम्मे रोग जातात.

आता नावांचा घोळ, कारण डॅलसच्या तुमच्या बहिणीनं ‘टेक्सास लायलॅक’ घ्यायला सांगितलंय. तो लायलॅक नाही. ते व्हायटेक्स, आपल्या निर्गुडीचं चुलत भावंड. पान चुरगळून वास घ्या, लगेच ओळख पटेल. ऊन त्याला आवडतं, जूनमध्ये निळे तुरे येतात, ह्यूस्टनमध्ये मी तेच सुचवेन, कारण तिथे खऱ्या लायलॅकचा नाद सोडलेला बरा. ओढ्याकाठी मात्र लावू नका, पसरतं. ‘दक्षिणेचा लायलॅक’ म्हणतात तो क्रेप मर्टल, म्हणजे आपल्या ताम्हणाच्या घराण्यातला. ‘कॅलिफोर्निया लायलॅक’ निघतो बोरीच्या कुळातला. आणि ‘पर्शियन लायलॅक’ या नावानं कुणी बकाण निंबाचं रोप देऊ लागलं तर हात जोडा: फळं विषारी आणि झाड आक्रमक. खरा पर्शियन लायलॅक वेगळा आहे, कटलीफचा जवळचा नातलग, उष्णता बऱ्यापैकी सोसणारा. गंमत म्हणजे लायलॅक हा शब्दसुद्धा फारसी ‘नीलक’वरून आलाय आणि त्याच्या मागे आपलाच ‘नील’ उभा आहे. शब्द केव्हाच इकडे पोचला, झाडाचंच अडतंय.

पुण्याचं म्हणाल तर डिसेंबरच्या पहाटे पारा 8-10 अंशांवर येतो आणि दुपारी 28-30 वर जातो. 7 अंशांखालचे तास बोटांवर मोजण्याइतके. महाबळेश्वरलाही भागणार नाही. भारतात रानटी लायलॅक आहे, सिरिंगा इमोडी, पण तो पश्चिम हिमालयात उंचावर. आईंना सांगा की त्यांच्या अंगणात या घराण्यातली माणसं आधीच राहतात: पारिजातक, मोगरा, जाई, जुई, सगळे लायलॅकच्याच कुळातले. वासाच्या बाबतीत हे घराणं कुणाला हार जाणारं नाही.

त्याच घराण्यातला एक जण तुम्हाला इथे उपयोगी पडेल: ऑस्मँथस फ्रॅग्रन्स, इथे ‘टी ऑलिव्ह’ म्हणतात. सदाहरित, थंडीचे तास मागत नाही, आपल्या आंबट मातीची तक्रार नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तीळभर पांढरी फुलं येतात, दिसत नाहीत, पण पिकल्या जर्दाळूसारखा वास रस्त्यापर्यंत जातो. रोपवाटिकेत लोक येऊन विचारायचे, हा वास कुठून येतोय, आणि मी त्यांना त्याच्यासमोरच उभं करायचे.

तर तुमच्यासाठी: तीन वर्षांचं ते झाड लगेच उपटू नका. खत थांबवा, डिसेंबरमध्ये ब्लेडनं दोन डोळे चिरून बघा. फुगीर डोळे निघाले तर एक संधी द्या. नाही निघाले तर काढा आणि पूर्वेच्या बाजूला वरंबा करून कटलीफ लावा. धरायला दोन वर्षं जातील. आई पुण्याहून एप्रिलच्या सुरुवातीला येणार असतील तर त्यांना कटलीफ फुललेला मिळेल. तिकीट एप्रिलअखेर किंवा मेचं असेल तर ‘मिस किम’ही लावा. आणि त्या दिवाळीला येणार असतील तर या दोघांचा उपयोग नाही, दाराशी ऑस्मँथस हवा.